अण्णा, तूर इकडंही पिकते

मुलांजे, मलावी
५ जानेवारी २०२५

ती. अण्णा आणि सौ. आईस,


पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तुमच्याशी बोलणं होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला पैसे पडत नाहीत हे सांगून माझी जीभ झिजली, तरी तुम्ही "बरं हाय नव्हं? ठेव मग, बिल चढूलालंय" म्हणून फोन ठेवता. त्यात पावसाळा लागल्यापासून इकडं वीज आणि नेटवर्क यांचं पटेनासं झालंय. एक आलं की दुसरं रुसतं. म्हणून हे लिहून पानांचे फोटो पुतण्याला धाडतो. तो झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून तुम्हाला देईल. तुम्ही ते संध्याकाळी पारावर मोठ्यानं वाचणार हे ठाऊक आहे, तेव्हा जे वाचायचं नाही तिथं मी तसं स्पष्ट लिहिलंय. मागच्या पत्रात तुम्ही नेमकं तेवढंच आधी वाचून दाखवलं, असं पुतण्या म्हणाला.

पारावरचा पहिला प्रश्न मला इथवर ऐकू येतो, "पोरगं मिशनरी झालं म्हणं?" एकदा सगळ्यांना नीट सांगून टाका. दवाखाना मिशनचा आहे, मी तिथला पगारी, लेकरांचा डॉक्टर आहे. पगाराचा आकडा मात्र सांगू नका. तो ऐकला तर लोक म्हणतील, म्हणजे खरंच मिशनरी झालाय.

सकाळी राउंडच्या आधी चॅपलमध्ये प्रार्थना असते. सक्ती कुणावर नाही, पण रात्री कोणतं लेकरू सुधारलं, कोणतं गेलं, रक्ताच्या पिशव्या किती उरल्या, हे सगळं तिथंच कळतं, म्हणून मी जातो. गाणी चिचेवा भाषेत असतात. ना पेटी ना तबला, नुसते गळे, आणि तेही चार वेगवेगळ्या पट्ट्यांत, तरी कुणाचा सूर कुणाच्या पायात येत नाही. आपल्या सप्ताहातल्या मंडळींना एकदा आणून बसवायला पाहिजे. परवा मॅट्रनबाईंनी मला काही न विचारता जाहीर करून टाकलं, "आज प्रार्थना डॉक्टर म्हणतील." माझी बोबडीच वळली. मग शाळेत रोज म्हटलेलं पसायदान आपोआप तोंडातून सुटलं, ते पार शेवटपर्यंत. सगळे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी दणक्यात आमेन म्हटलं. बाहेर आल्यावर मॅट्रनबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबलचक प्रार्थनेत तुम्ही देवाकडं मागितलं तरी काय?" म्हटलं, वाईट माणसांचं वाईटपण जावं, असं मागितलंय. त्या म्हणाल्या, "मग औषधांच्या स्टोअरवाल्याचं नाव घेऊन मागायचं." स्टोअर तुमची सून सांभाळते, हे त्यांच्या ध्यानात होतं का नव्हतं, ते विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही.

आत्याला म्हणावं, कोटणीसांचा सिनेमा बघणं आता बंद कर. मी निघालो त्या दिवशीही ती पदर डोळ्यांना लावून बसली होती, "सोलापूरचं लेकरू चीनला गेलं, ते आलं का माघारी?" तिचं खोटं नाही. १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यांत आपल्या शेजारच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. बाकीचे परत आले. कोटणीसांनी तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, ते गेले. वय बत्तीस. शांतारामबापूंनी १९४६ ला त्यावर सिनेमा काढला आणि तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक आत्याला परदेशी जाणाऱ्या डॉक्टर भाच्याचा घोर लागला. पण आत्याला सांगा, माझं लग्न आधीच झालेलं आहे, तेही नांदेडला. याहून परकी सोयरीक चीनमध्येही मिळाली नसती. (हे वाक्य व्याह्यांसमोर वाचू नका.)

आणि इकडं येणारा मी काही पहिला नाही. मिशनरी डॉक्टर म्हटलं की इथल्या पोरासोरांनाही डेव्हिड लिव्हिंगस्टन आठवतो. आमच्या जवळचं मोठं शहर ब्लँटायर, हे त्याच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाचंच नाव. हा गडी १८६४ मध्ये आपली लहानशी आगबोट हाकत थेट मुंबईला आला होता. बरोबर इकडची दोन पोरं होती, चुमा आणि विकाटानी. त्यांना मुंबईत विल्सनसाहेबांच्या शाळेत घालून तो विलायतेला गेला. १८६६ मध्ये शेवटच्या मोहिमेला निघताना त्यानं त्यांना परत घेतलं, शिवाय नाशिकच्या शरणपूरला शिकलेली, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी पोरंही घेतली. १८७३ मध्ये तो आफ्रिकेतच वारला. त्याचा देह महिनोन्‌महिने पायी चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत हा मुंबईत शिकलेला चुमा होता. पुढं लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत शवपेटीच्या मानकऱ्यांत होता जेकब वेनराइट, तो नाशिकचा विद्यार्थी. म्हणजे आमच्या आधी दीडशे वर्षं ही वाट मळलेली आहे. आणि उलट्या वाटेनं आलेले वानलेससाहेब तुम्हाला ठाऊकच आहेत. कॅनडाहून येऊन त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला. आज्जाला डोळ्यांसाठी मिरजेलाच नेलं होतं ना? त्याच मिरजेहून २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेनं लातूरला पाणी आलं. तेव्हा तुम्ही टँकरच्या रांगेत उभे राहून म्हणाला होता, "मिरजेचं आपल्याकडं लै निघतंय."

आता सुट्टीचं. मलावीत मी नोकरी करतो आणि लातूरला येऊन काम करतो, असं तुमच्या सुनेचं म्हणणं आहे. दिवाळीला आलो, तर आईनं "थकलंय लेकरू, झोपू द्या" म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं, आणि दिवस उजाडायच्या आत तुम्हीच ते उघडून माझ्या उशाशी कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे ठेवला. ओसरीवर रांग. मी लेकरांचा डॉक्टर आहे हे सांगितलं, तर एक मावशी म्हणाल्या, "मीबी कुणाचं तरी लेकरूच हाय की." यावर काय बोलणार? बीपी तपासलं. खाली चहा, वर एक्स-रे उन्हाला धरलेला, आणि तुम्ही खुर्ची टाकून नंबर लावताय. चार लोकांनी तर "इथल्या गोळ्यांनी गुण येईना, आफ्रिकेतलं एखादं औषध दे" असा आग्रह धरला. अण्णा, इथल्या कपाटातल्या निम्म्याअधिक खोक्यांवर मेड इन इंडिया छापलेलं असतं. हे मी शपथेवर सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसला नाही. आणि नीटची पोरं घेऊन आलेले आईबाप! आधी पोराला माझ्या पाया पडायला लावतात, मग हळूच विचारतात, "लातूर पॅटर्नचा डॉक्टर तुमी, अमेरिकेचं जमलं नाही व्हय?"

व्याही-विहीणबाई जुलैत येऊन गेले, त्याची हकीकत नांदेडकडून तुमच्या कानावर आलीच असेल. ती अर्धीच खरी आहे. उरलेली मी सांगतो.

व्याही एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण रिटायर झालेत हे अजून त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. ब्लँटायरहून इकडं येताना गाडी मिळाली नाही म्हणून मिनीबसनं निघालो. तीन माणसांच्या सीटवर चार माणसं, मांडीवर कोंबड्या, आणि दाराला लटकलेला पोरगा अजून माणसं बोलावतोय. व्याह्यांनी थोडा वेळ सहन केलं. मग उभे राहिले, डोकं छताला टेकलं तरी उभे राहिले, आणि चालू गाडीत "मागं सरका, मागं सरका, मधली जागा मोकळी" सुरू केलं. लोक सरकले! त्यांना शब्द कळला नाही, पण आवाजातली एसटी कळली. पैसे मागायला पोरगा आला, तर व्याही म्हणाले, "आधी तिकीट." त्यानं चिचेवात सांगितलं की इकडं तिकीट नसतं. व्याह्यांनी मराठीत सांगितलं की तिकीट नाही तर पैसेही नसतात. दोघांनाही एकमेकांचं सगळं समजलं. शेवटी त्या पोरानं सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा फाडून त्यावर आकडा लिहून दिला. व्याह्यांनी तो कडेनं दुमडून, चिमटा काढल्यासारखा फाडून, अर्धा त्याला परत केला. तो तुकडा त्यांनी नांदेडला नेलाय.

विहीणबाईंची बॅग विमानतळावर उघडली. काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची चटणी, कुरड्या. अधिकारी बाईंनी येसराची पिशवी उचलून नाकाला लावली आणि त्या लागोपाठ इतक्या शिंकल्या की मागची सगळी रांग तपासणीविना सुटली. जुलैत इथं थंडी असते. मोझांबिककडून धुकं आणि बारीक पाऊस येतो, त्याला चिपेरोनी म्हणतात, आणि तो आला की मुलांजेचा तीन हजार मीटर उंच डोंगर दारातून दिसेनासा होतो. आफ्रिका म्हणजे ऊन, या हिशेबानं दोघंही सुती कपड्यांत आले होते. विहीणबाई महिनाभर माझा स्वेटर घालून हिंडल्या.

पण त्यांचा खरा मुक्काम गार्डियनच्या शेडमध्ये असायचा. इथं पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकाला गार्डियन म्हणतात. दवाखाना औषध देतो, खाणंपिणं गार्डियननं बघायचं. त्यासाठी वॉर्डाच्या मागं एक लांब पत्र्याची शेड आहे. तीन दगडांची चूल, अशा वीसेक चुली. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा न्सिमा शिजत असतो, वल्ह्याएवढ्या लाकडी दांडक्यानं घोटतात, घोटताना बाईचं सगळं अंग हलतं. धुरानं डोळे चुरचुरतात, पोरं पाठीला बांधलेली, एक बाई दुसरीच्या सुनेबद्दल बोलतेय. विहीणबाईंना भाषेचा गंध नाही, पण सुनेबद्दलच बोलतायत हे त्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पीठ घेऊन भाकरी थापली. मक्याची भाकरी फाटते, आमचीही फाटली, शेडमध्ये हशा झाला. मग त्यांनी पीठ उकळत्या पाण्यात मळून दाखवलं आणि तव्यावर टम्म फुगवली. त्या दिवसापासून मला वॉर्डात कुणी डॉक्टर म्हणून ओळखत नाही, भाकरीवाल्या आजीचा जावई म्हणतात.

तिथंच चुलीत काय जळतंय ते व्याह्यांनी पाहिलं. तुराट्या! आणि इथून, अण्णा, तुमच्या-माझ्या भांडणाला तोंड फुटलं.

मलावीच्या या दक्षिण भागात मक्याबरोबर तूर असते. आपण सोयाबीनमध्ये ओळी धरतो, तशी हे लोक मक्यात धरतात. पेरा नोव्हेंबर-डिसेंबरचा, मका निघाल्यावर तूर एकटी उभी राहते, जुलै-ऑगस्टला काढणी. घरोघरी एक-दोन एकरांचं रान. मलेरियातून उठलेल्या एका लेकराचा बाप सायकलवर अर्धं पोतं घेऊन आला, "डॉक्टर, हे तुमच्या लोकांचं आवडतं खाणं आहे ना?" व्याह्यांनी ओंजळीत तूर घेतली, फोटो काढला, आणि मागचा-पुढचा विचार न करता सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, "जावईबापूंच्या गावची तूर." त्या रात्री तुमचा आवाजी निरोप आला. जो माणूस फोनवर बिलाला भिऊन पुरतं बोलत नाही, त्यानं एका दमात बाजार समिती, आडत, सौदा, वायदा आणि दिल्लीपर्यंतचा सगळा रस्ता तुडवला. शेवटचं वाक्य होतं, "म्हंजे आमचा भाव पाडणारे तेच हे, अन तू त्यांची लेकरं बरी करूलालास."

तुमची दोन्ही वाक्यं खरी आहेत. २०२१ मध्ये आपल्या सरकारनं मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन तूर घ्यायचा पाच वर्षांचा करार केलाय. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५५० होता, उन्हाळ्यात दहा हजारांच्या वर गेलेली तूर तुमची रास होईपर्यंत खाली आली, आणि बंदरात बाहेरची तूर उतरलेली आहे. राग येणारच. पण त्या सायकलवाल्याला मी तुमचा निरोप सांगितला, तेव्हा त्यानं मला काय विचारलं ते ऐका. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या देशातली माणसं एक वर्ष डाळ खातात आणि एक वर्ष उपास करतात, असं काही आहे का?" त्याला २०१७ आठवत होतं. तुम्हालाही आठवत असेल. तूर उदंड झाली होती, खरेदी केंद्रावर बारदाना संपला होता आणि तुम्ही ट्रॅक्टरखाली चादर अंथरून मुक्काम ठोकला होता. त्या ऑगस्टमध्ये सरकारनं बाहेरच्या तुरीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. तुमची तूर तोवर गेलेली, तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. इथं मात्र नुकती काढणी झाली होती. रस्त्याच्या कडेला काटा लावून बसणारे व्यापारी एकतर आलेच नाहीत, नाहीतर आले त्यांनी मातीच्या भावानं मागितली. ह्या सायकलवाल्यानं त्या वर्षी बायकोला दिलेला पत्र्याच्या छपराचा शब्द पुढं ढकलला.

हा माणूस तुमच्याच वयाचा आहे. काट्यावर व्यापाऱ्याचा अंगठा असतो, असं तोही म्हणतो. सरकारला शिव्या देताना तोही आधी आजूबाजूला बघून घेतो. त्यानं मला सांगितलं की तुझ्या वडिलांना एकदा घेऊन ये, मला त्यांच्याशी बोलायचंय. मी म्हटलं, त्यांनाही तुमच्याशी बोलायचंय, पण वेगळ्या आवाजात.

एक गोष्ट पारावर वाचली तरी चालेल. जानेवारी हा इथं वाईट महिना आहे. जुना मका संपलेला, नवा कणसात यायला अवकाश, आणि पावसाबरोबर मलेरिया. त्यात मागच्या वर्षी पावसानं दगा दिला, २८ पैकी २३ जिल्हे आपत्तीग्रस्त जाहीर झाले. एका कॉटवर दोन लेकरं झोपवतोय. मलेरियाची लस सरकारी लसीकरणात जगात सगळ्यात आधी इथं आली, एप्रिल २०१९ मध्ये, आणि आता दुसरी लस पुण्याला सीरममध्ये तयार होते. तरी रात्रपाळीत उसंत नसते. कुपोषित लेकरांना शेंगदाण्याची पेस्ट देतो, त्यात शेंगदाणा, साखर, तेल, दुधाची पावडर आणि जीवनसत्त्वं. चार दिवस मान न उचलणारं पोर पाकीट स्वतः दातांनी फाडायला लागलं की समजायचं, जमलं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "एवढ्यासाठी इंग्रजी पाकीट कशाला? मी लाडू करून दिले असते." २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळ आलं, डोंगरावरून दगडमाती घरांवर आली, तेव्हा तुमचा फोन लागला होता. बाकी सगळ्यांनी "तू बरा आहेस ना" विचारलं. तुम्ही विचारलं, "घरं कशाची हैत तिथली? माळवदं नाहीत ना?" किल्लारीचा भूकंप बघितलेल्या माणसाचा प्रश्न. मला त्या रात्री तो फार बरा वाटला होता.

नाताळ जोरात झाला. वॉर्डात रंगीत कागद, नर्सेस सगळ्या नव्या चितेंजेत (हे इथलं छापील कापड, बायका कमरेला गुंडाळतात; आईसाठी दोन घेतलीत, नऊवारीच्या हिशेबानं चार लागतील). रात्री एका बाईला जुळी झाली, दोन्ही पोरं. दोघांना माझ्याकडं आणलं, आणि बाईनं विचारलं, डॉक्टर, तुमच्या गावाचं नाव काय? लातूर म्हणालो. तिला आवडलं. तिनं थोरल्याचं नाव ठेवलं लातूर. मग तुमची सून औषध द्यायला आली होती, तिला विचारलं, तुझं गाव? झालं. धाकटा नांदेड. लातूर अडीच किलोचा, नांदेड दोन किलो तीनशेचा. घरी आल्यावर हिचा पहिला प्रश्न, "लातूर आधी का?" म्हटलं, आधी जन्मला म्हणून. "वजन नीट केलं होतं का?" २००९ पासून आयुक्तालय लातूरला की नांदेडला यावर आपल्याकडं जे चाललंय, ते आता आमच्या स्वयंपाकघरात चालतं. दोन्ही पोरं परवा घरी गेली. नांदेड रडतो जास्त, लातूर झोपतो जास्त. हेही इथंच ठेवा, बाहेर बोलू नका.

आणि ३० डिसेंबरला आम्ही येळवस, म्हणजे आपली वेळा अमावस्या, केली.

कडबा नाही, म्हणून कोप बांबू आणि गवताची, आंब्याखाली. आंब्यांचा इकडं आता हंगाम आहे, कोपीवर पाड पडत होते. पाच दगड चुन्यानं रंगवले. बाजरी शिरे नदीच्या खोऱ्यातून मागवली, उंडे झाले. भज्जीत भोपळ्याची पानं, शेंगदाणे, घेवडा, मिळेल ते सगळं घातलं. ओल्या तुरीचे दाणे मात्र नाहीत. तुरीच्या देशात राहून येळवशीला तूर नाही, कारण इथली तूर आत्ता कुठं गुडघ्याएवढी आहे. आंबिलीचं कोडं शेडमधल्या बायकांनीच सोडवलं. त्या मक्याचं आणि नाचणीचं आंबवून एक पेय करतात, थोब्वा म्हणतात, त्याची घागर घेऊन आल्या. गोडसर लागतं. आईच्या आंबिलीची सर नाही, पण पूजेला घागर मिळाली. मॅट्रनबाईंनी पाचही दगड निरखून विचारलं, हे कोण संत? म्हटलं, संत नाहीत, पाच भाऊ. शेतकऱ्याच्या रानात वस्तीला येतात अशी समजूत आहे. "पाचही जणांची लग्नं झालेली?" झालेली, पाचांत मिळून एक. मॅट्रनबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "स्वयंपाक ती एकटीच करायची?" तुमची सून म्हणाली, ह्या बाईला महाभारत कळलं.

मिशनचे पाद्रीसाहेबही आले, दोनदा भज्जी घेतली. संध्याकाळी हेंडगा पेटवायचा होता, तर असा पाऊस आला की हेंडगाच काय, चूलही विझली. सगळे कोपीत घुसले, कोप पडली. पांडव भिजले.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये या. पेरणीचं कारण सांगू नका, तोवर पेरणी होऊन कोळपणीही उरकलेली असते. फवारणीचं सांगू नका, ती पुतण्या करतो आणि तुम्ही बांधावरून नुसते ओरडता. लातूर-मुंबई रेल्वेनं, मुंबईहून अदिस अबाबा, तिथं विमान बदलून ब्लँटायर. अदिसला माणूस हरवत नाही, पाट्यांवर बाण आहेत. यलो फीवरची लस आधी घ्यायची, तिचं पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवायचं, पंचांगात नाही. स्वेटर आणा. व्याह्यांना विचारू नका, ते मिनीबसनं या म्हणतील.

इथं काढणी चालू असेल. त्या सायकलवाल्याच्या रानात तुम्हाला नेतो. मी दुभाष्या म्हणून उभा राहीन, पण माझी गरज पडेल असं वाटत नाही. भाव कुणी पाडला ते तुम्ही दोघं ठरवा. मला दुपारी ओपीडी आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आत्याला विशेष.

आपला,
बाळू

ता. क. — अण्णा, मी तुमची सून लिहिते. यांनी मुद्दाम सांगितलं नाही, ते सांगते. त्या सायकलवाल्या काकांनी यांच्याकडून तुमच्या रानातल्या तुरीचा फोटो बघितला, ती बदनापूरची बीडीएन-७११. शेंगा बघून त्यांना ते बियाणं पाहिजे म्हणून ते मागं लागलेत. तुम्ही हे वाचल्या वाचल्या थैली शिवायला बसणार हे मला माहीत आहे. बियाणं आणायचं नाही. कायद्यानं चालत नाही, विमानतळावर काढून घेतात आणि दंड करतात. मोज्यात नाही, धोतराच्या सोग्यात नाही, आईच्या बटव्यात तर अजिबात नाही. आई, तुम्ही त्यांना थैली शिवून देऊ नका. शिवलीच तर त्यात काळं तिखट भरून आणा, आमचं संपलंय.